चौथ्या खांबापलीकडे

कात्सुयामा, ३ ऑक्टोबर

इकु,

डोंगरावर पानं लाल व्हायला लागली आहेत. नागोयाची हवाही आता सुखद झाली असेल आणि तुम्हा सर्वांची प्रकृती उत्तम असेल. पत्राची सुरुवात अशी करायची हे आईने शिकवलं म्हणून केली. आता मुद्दा.

तुझा निरोप मिळाला. आपल्या विणकामाच्या हॉलचा तुझा अर्धा भाग तू औषधांच्या दुकानवाल्यांना विकणार आहेस आणि मी वाद घालू नये अशी तुझी इच्छा आहे. फोन मी करणार नाही. गेल्या वेळी तू माझं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मधे तोंड घालता येत नाही.

तर ऐक. अस्तराच्या कापडावर आता घर चालत नाही. आठ माग उरलेत, तेही मीच हट्टाने चालवते. ते चालत राहावेत म्हणून चौथ्या खांबापलीकडे, म्हणजे आईने तुझ्या नावावर केलेल्या बाजूला, पट्ट्या ओढायचं यंत्र बसवलं आहे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मी तरीही बसवलं असतं. एक पत्र वाचवलं.

कार्बनचे आणि नायलॉनचे तंतू एकत्र केलेला धागा बॉबिनींवरून भट्टीत जातो, तिथून तापलेल्या साच्यात. नायलॉन वितळून कार्बनमध्ये मुरतं, पुढच्या थंड साच्यात आवळलं जातं आणि दुसऱ्या टोकाला काटकोनी पट्टी बाहेर येते. तुला सांगायची गरज नाही, याच गोष्टीवर तू पगार घेतेस. जुन्या लाकडी घरांना भूकंपासाठी आतून आधार द्यायला त्सुजिकावा नावाच्या सुताराला या पट्ट्या हव्या आहेत. लोखंड गंजतं, जड होतं. त्याला आमचा माल पसंत पडला तर पाच वर्षांची ददात मिटेल.

अडचण एकच. पट्टीला फोड येतात. कापली तर आत पावासारखी भोकं. परवा त्सुजिकावाने तुकडा उजेडात धरला आणि म्हणाला, "नोजिरीबाई, मला घर उभं ठेवायचंय. नाश्ता नाही करायचाय."

सोबत बंडल पाठवते. कापून बघ आणि चूक सांग. उपकार समजू नकोस. तुझ्याच जमिनीवर बनलेला माल आहे.

सुमिए

•

नागोया, १५ ऑक्टोबर

ताई,

ऋतुवर्णन वगळते. इथे ऋतू खिडकीबाहेर असतो आणि खिडकी उघडत नाही.

पट्ट्या कापल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची गरजच नव्हती, पण पाहिल्या, कारण माझा अजून विश्वास बसत नव्हता. असला माल मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडूनही टेबलावर ठेवून घेत नाही. तुम्ही यंत्र मागासारखं पळवता आहात. वितळलेलं नायलॉन मधासारखं घट्ट असतं, तंतूंत शिरायला त्याला वेळ लागतो. वेग निम्म्यावर आणा. साच्याची उष्णता वाढवा. आणि धागा आधी वाळवता ना? नायलॉन हवेतलं पाणी पितं, एवढं तरी तिथे कुणाला ठाऊक असेल अशी आशा करते.

माझ्या जागेत न विचारता यंत्र बसवलंस याचं मला आश्चर्य वाटलं नाही. लहानपणी माझ्या कपाटातही तुझेच कपडे असायचे.

मी मार्चअखेरपर्यंत थांबते. तोवर त्सुजिकावांनी पट्ट्या पसंत केल्या तर दुकानवाल्यांना नकार कळवीन. नाही केल्या तर सही करीन. मला मागांचा कळवळा आला आहे अशी समजूत करून घेऊ नकोस. बर्फात खोदकाम होत नाही, दुकानवाल्यांनाही एप्रिलच हवा आहे.

इकुयो

•

कात्सुयामा, १२ नोव्हेंबर

इकु,

धागा वाळवता का! चार पिढ्या धाग्यावर जगलेल्या घराला हे विचारतेस? रात्रभर भट्टीत वाळवतो, सकाळी काढून चौकटीवर चढवतो. यंत्र बसल्यापासून या हॉलमध्ये एक धागा तुटलेला नाही, की त्याला जरा लव सुटलेली नाही. तुमच्या त्या काचेच्या खोलीत दिवसाला किती तुटतात ते कळव. मग मला शिकव.

तुझ्या सांगण्याप्रमाणे वेग निम्मा केला. फोड वाढले. उष्णता वाढवली. पट्टी पिवळी पडली आणि फोड आणखी वाढले. कुनिहिको म्हणाला, "तुझ्या बहिणीला सांग, यंत्राला नागोयाची भाषा समजत नाही." मी म्हटलं, "तुम्हाला तरी कुठे समजते?" पण या वेळी तो खरं बोलत होता.

एक गोष्ट मात्र दिसते. सकाळच्या पट्ट्या जरा बऱ्या असतात. दुपार झाली की बिघडतात. यावर तुझ्या सूक्ष्मदर्शकाचं काय म्हणणं आहे?

नवं बंडल पाठवलं आहे. सकाळच्या पट्ट्यांना पांढरी दोरी, दुपारच्यांना लाल. तुला ओळखता यावं म्हणून.

सुमिए

•

नागोया, ३० नोव्हेंबर

ताई,

दोऱ्यांची गरज नव्हती. लाल दोरीच्या पट्ट्या डोळे मिटून ओळखता येतात, बोटांना टोचतात.

सकाळी बऱ्या आणि दुपारी वाईट, याचं कारण सूक्ष्मदर्शकाने नाही, आठवणीने सांगते. भावोजी जेवले की पेंगतात. तुमच्या लग्नाच्या जेवणातसुद्धा ते सूप पिता पिता पेंगले होते आणि आईने मला त्यांना चिमटा काढायला पाठवलं होतं. ओढणाऱ्या यंत्राचा ताण दर थोड्या वेळाने बघावा लागतो. तो बघणारा माणूस घोरत असेल तर जगातला कुठलाही साचा काही करू शकत नाही.

तरीही साच्यात एक सुधारणा सुचवते. तुमचा थंड साचा आखूड आहे. पट्टी पुरती घट्ट व्हायच्या आधीच मोकळी सुटते आणि आतली भोकं पुन्हा फुगतात. आमच्याकडे एक लांब साचा पडून आहे, तुमच्या मापाला घासून घेतला आणि पेटीत घालून पाठवते आहे. उधार आहे. हातोड्याने बसवू नका.

इकुयो

•

कात्सुयामा, २१ डिसेंबर

इकु,

पहिलं मोठं बर्फ पडलं. अंगणात सरकवायचं फावडं काढलं. तुमच्याकडे लोक बर्फ पडलं की त्याचे फोटो काढतात म्हणे.

तुझं पत्र मी कुनिहिकोला वाचून दाखवायला नको होतं, पण दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने दुपारचं बसून जेवण सोडलं. भाताचे गोळे हातात घेऊन यंत्रापाशी उभा असतो, ताणाच्या काट्याकडे टक लावून. मी म्हटलं, "अहो, पाच मिनिटं टेका." तर म्हणतो, "घरजावई आहे मी. मला घोरायचा हक्क नाही." तीस वर्षांत हा माणूस एवढं लागेल असं बोलला नव्हता. आणि दुपारच्या पट्ट्यांना फोड आहेत ते आहेतच.

साचा पोचला. छान दिसतो.

गेल्या आठवड्यात दोन माणसं टेप घेऊन हॉल मोजायला आली होती. विमावाले असावेत. मी त्यांना चहा आणि योकानची गोड वडी दिली. नव्या वर्षानंतर आणखी बंडल पाठवीन.

सुमिए

•

नागोया, २ फेब्रुवारी

ताई,

जानेवारीचं बंडल कापून झालं. शंभर नंबरी. सकाळची, दुपारची, शेवटच्या तासाची, एकाही पट्टीत भोक नाही. दोन वेळा कापली, कारण तुमच्याकडून आलेल्या मालाचा पहिल्यांदा विश्वास धरू नये हे मी शिकले आहे.

लांब थंड साचा. मी नोव्हेंबरातच लिहिलं होतं. एवढी साधी गोष्ट तिथे कुणाला सुचू नये याचं नवल नाही, पण निदान आलेला साचा तुम्ही सरळ बसवलात याचं कौतुक आहे. वसंतातल्या आमच्या परिषदेत मी हे उदाहरण मांडणार आहे. जुन्या विणकर गावातल्या लहान कारखान्यातही योग्य मार्गदर्शन मिळालं तर काय होऊ शकतं, असा विषय आहे. वरिष्ठांना आवडला.

त्सुजिकावांना हाच माल दाखवा. अभिनंदन करायचं असेल तर नागोयाचा पत्ता तुझ्याकडे आहेच.

इकुयो

•

कात्सुयामा, ९ फेब्रुवारी

इकु,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हसले. वरिष्ठांना सांग, साचा अजून पेटीत आहे. ज्याला तू पेंगरा म्हणालीस, त्याने तो बसवायला नकार दिला आणि मी आग्रह केला नाही. तो सकाळी त्या पेटीवर बसून मोजे घालतो. त्या उंचीला ती अगदी बरोबर आहे.

आता गावभर कुनिहिको सांगत फिरतोय की त्याने डुलकी सोडली म्हणून पट्ट्या सुधारल्या. सोबाच्या शेवया खायला गेलो तर दुकानदाराला म्हणतो, "नागोयाच्या शास्त्रज्ञांनी शोध लावला. मी झोपत होतो." दुकानदार म्हणाला, "मग आता जागे राहून काय करता?" "बायकोचं ऐकतो." सगळं दुकान हसलं.

पण हे त्याचंही खरं नाही. डिसेंबरातही तो जागाच होता आणि फोड येतच होते. खरं काय ते मलाही कळलेलं नाही. ते बंडल निघालं तो आठवडाच वाईट होता. एवढी थंडी पडली की फवाऱ्यांचा नळ गोठून फुटला. छताखालचे सगळे फवारे बंद. शेगड्या पेटलेल्या आणि पाणी नाही, हॉलची हवा अशी कोरडी झाली की मागावर ताण्याचे धागे पटापट तुटायला लागले. दोन दिवस गाठी मारल्या, मग माग थांबवले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आठच्या आठ बंद. सगळी माणसं पट्ट्यांच्या यंत्राकडे लावली. तिथेही नायलॉनच्या धाग्याला लव सुटली, कपड्यांना चिकटायला लागली, मला नुसतं बघून संताप आला. तोच माल तुला शंभर नंबरी वाटला.

नळ दुरुस्त झाला. सोमवारपासून फवारे चालू, माग चालू, एक धागा तुटत नाही. आणि पट्ट्यांना पुन्हा फोड. त्सुजिकावाचा निरोप आला आहे, मार्चच्या चौथ्या आठवड्यात तो पट्ट्या मोडून बघणार. तो माल आताच्यासारखा निघाला तर माझे माग गेलेच. तुझा साचा नाही, याची डुलकी नाही, मग काय? तू शहाणी ना, सांग.

सुमिए

•

नागोया, ११ फेब्रुवारी

ताई,

फवारे बंद कर. आज, हे पत्र हातात असतानाच.

तुम्ही रात्रभर भट्टीत धागा वाळवता आणि सकाळी तो फवाऱ्यांखाली आणून टांगता. अंघोळ घालून चिखलात सोडावं तसं. नायलॉनचे तंतू केसाहून बारीक असतात, दुपारपर्यंत पुन्हा पाणी पिऊन बसतात. तापलेल्या साच्यात त्या पाण्याची वाफ होते. वाफेला जागा लागते. ती जागा म्हणजे तुमचे फोड. मी वेग निम्मा करायला सांगितलं, म्हणजे धागा त्या दमट हवेत दुप्पट वेळ लटकला. उष्णता वाढवायला सांगितलं, वाफ आणखी जोरात झाली. चार महिने मी तुम्हाला पट्ट्या अधिक चांगल्या बिघडवायला शिकवत होते.

धागा वाळवता का, हे मी विचारलं. हॉल कोरडा आहे का, हे विचारलं नाही. त्या फवाऱ्यांखाली मी रांगायला शिकले. नोजिरींच्या हॉलला छप्पर आहे का, असं कधी कुणी विचारतं का? कुठलाही परका इंजिनिअर आत आला असता तर चष्मा पुसता पुसता त्याला कळलं असतं. परिषदेतून माझं नाव मी काढून घेतलं आहे. भावोजींना सांग, डुलकीबद्दलचं वाक्य मागे घेते. लग्नातलं सूप मागे घेत नाही.

आता काम. चौथ्या खांबाशी जमिनीपासून छपरापर्यंत भिंत घाला. फटी बुजवा. पलीकडे हवा कोरडी करणारं यंत्र लावा, त्याचा नकाशा सोबत आहे. तिकडे किटली नाही, ओला पोछा नाही, ओली छत्री नाही.

इकुयो

•

कात्सुयामा, १९ फेब्रुवारी

इकु,

तू म्हणतेस ते खरं आहे. तीन दिवस फवारे बंद ठेवून बघितलं, पट्ट्या आरशासारख्या आल्या. कुनिहिकोने एक उशाशी ठेवली आहे.

पण भिंत होणार नाही. या हॉलमध्ये उभं राहिलं की शेवटच्या मागापासून दारापर्यंत नजर जाते. आई दारात उभी राहून नुसत्या आवाजावरून सांगायची, सातव्या मागाचा धोटा अडखळतोय. तो हॉल मी कापू? पट्ट्या हव्यात त्या मागांसाठी. मागांचं पाणी तोडून पट्ट्या करायच्या, म्हणजे मुलाच्या औषधासाठी मूल विकण्यासारखं झालं. फवारे रात्री बंद ठेवीन आणि पट्ट्या रात्री ओढू. काहीतरी करू. भिंत नाही.

आणि भिंतीचा एवढा उत्साह तुला का, हे मला कळत नाही असं समजू नकोस. डिसेंबरात टेप घेऊन आलेले विमावाले नव्हते. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "टूथपेस्टची मांडणी इथून, शाम्पू तिकडे." योकानचा दुसरा तुकडा मी त्यांना मुद्दाम दिला, आणखी काय बोलतात ते ऐकायला. मार्चअखेरपर्यंत थांबते असं लिहिलं होतंस. डिसेंबर मार्चच्या आधी येतो, हे तुमच्या संस्थेत शिकवत नाहीत का?

सुमिए

•

नागोया, २४ फेब्रुवारी

ताई,

माणसं मी पाठवली होती. ऑक्टोबरात पत्र टाकलं आणि नोव्हेंबरात दुकानवाल्यांना तोंडी हो म्हणाले. तुम्हाला पट्ट्या जमणार नाहीत याची मला खात्री होती. साचा पाठवला तो पुढे तू मला बोल लावू नयेस म्हणून. झालं? आता यापुढे यावर लिहू नकोस. मी वाचणार नाही.

रात्री ओढून काही होणार नाही. फवारे बंद केले तरी लाकूड, विटा, जमीन, सगळं साठ-सत्तर वर्षं पाणी प्यायलेलं आहे, ते पहाटेपर्यंत हवेत सोडत राहतं. तुझे तीन दिवस शेगड्या पेटलेल्या होत्या आणि माग बंद होते, म्हणून जमलं. माग आणि पट्ट्या एका हवेत राहू शकत नाहीत. एकाला ओली हवा लागते, दुसऱ्याला कोरडी. यात तुझा हट्ट आणि माझं शिक्षण दोन्हीचा काही उपयोग नाही.

तू म्हणतेस हॉल कापणार नाही. तो आई गेली त्या वर्षीच कापला गेला, कागदावर. मी सही केली तर दुकानवाले एप्रिलमध्ये चौथ्या खांबाशी भिंत घालतील. तू मार्चमध्ये घातलीस तर तूही तिथेच घालशील. भिंत टळत नाही, ताई. तिच्या पलीकडे टूथपेस्ट असेल की तुझ्या पट्ट्या, एवढंच तुझ्या हातात आहे.

आणि आई दारात उभी राहून सातव्या मागाचं सांगायची हे खोटं आहे. ती नेहमी सहाव्याचं सांगायची आणि तू धावत सातव्याकडे जायचीस.

इकुयो

•

कात्सुयामा, ३० मार्च

इकु,

रस्त्याच्या कडेचं बर्फ वितळून नाल्यात वाहतंय. नागोयाला चेरी फुलली असेल. आमच्याकडे अजून दोन आठवडे आहेत, पण तुमच्याकडे सगळं आधी होतं आणि आधीच गळून जातं.

भिंत त्सुजिकावानेच घातली. मी त्याला म्हटलं, "तुम्हाला माल हवा असेल तर आधी भिंत बांधा. मजुरी पट्ट्यांत घ्या." तो म्हणाला, "बाई, गिऱ्हाइकाला कामाला लावणारं दुकान मी पहिल्यांदाच बघतोय." चार दिवसांत काम झालं. फटी कुनिहिकोने बुजवल्या, मेणबत्ती धरून एकेक तपासली, ज्योत जरा हलली तरी पुन्हा लेप. दुपारी झोपला मात्र नाही. मी सांगून पाहिलं की तू शब्द मागे घेतलायस. म्हणाला, "घेऊ दे. आता सवय गेली."

गेल्या गुरुवारी त्सुजिकावाने पट्ट्या मोडायला घेतल्या. त्याचं यंत्र कुरकुरलं, त्याचा मुनीम मागे सरकला, पट्टी वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. शेवटी एक मोडली तेव्हा त्याने तुकडा उजेडात धरून बराच वेळ पाहिला, आत काही तरी सापडावं म्हणून. सापडलं नाही. तीन घरांचा माल घेतोय, पुढच्या हिवाळ्यापर्यंतचा. दुकानवाल्यांना तू नकार कळवलास हे त्यांच्याच माणसाने मला सांगितलं. त्याबद्दलचं तुझं पत्र मला अजून मिळालेलं नाही, मिळेल तेव्हा बघीन.

आता तिकडे जायचं तर दोन दारं उघडावी लागतात. कुनिहिको तिकडे असतो, त्याचे ओठ फाटलेत आणि दिवसभर खोकतो. मी इकडे, मागांपाशी. दुपारी मी चहा करते आणि तो तिकडून येऊन पितो, कारण तुझ्या हद्दीत किटली चालत नाही. माग भिंतीमुळे जास्त मोठ्याने वाजतात असं मला वाटतं. त्याला वाटतं की ते वाजतच नाहीत.

त्सुजिकावा भिंतीच्या रंगाबद्दल विचारत होता. तुझ्या बाजूने कोणता द्यायचा ते कळव, तू काहीतरी पांढरं आणि कंटाळवाणं सांगशील. माझ्या बाजूला मी रंग देणार नाही. फवाऱ्यांनी ती दोन वर्षांत आपोआप काळी पडेल आणि मग ती पहिल्यापासून तिथेच होती असं वाटायला लागेल.

सुमिए